नाव तिचं, वाटा शंभरात दहा : हॅटवाली कोको शॅनेल आणि घोडेवाल्यांची दुनिया

शॅनेल हे नाव आता तालुक्याच्या गावालाही नवीन राहिलेलं नाही. अत्तराची बाटली, बायकांची पर्स, गॉगल, सगळ्यांवर ते नाव असतं. खरा माल लाखाच्या घरात जातो आणि नकली माल आठवडी बाजारात शे-दोनशे रुपयांत मिळतो. पण हे नाव एका बाईचं आहे, ती अनाथाश्रमात वाढली, तिनं धंद्याची सुरुवात बायकांच्या हॅट सजवण्यापासून केली आणि तिचं अर्धं आयुष्य घोडे पाळणाऱ्या माणसांच्या संगतीत गेलं, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

त्याहून कमी लोकांना माहीत आहे ती सौद्याची गोष्ट. तिच्या नावाच्या अत्तराची कंपनी निघाली तेव्हा त्या कंपनीत तिचा वाटा ठरला शंभरात फक्त दहा. ही कहाणी त्या दहा टक्क्यांपर्यंत ती कशी पोचली आणि पुढं काय झालं त्याची आहे.

घोडदळाच्या गावात जन्म

गॅब्रिएल शॅनेलचा जन्म 19 ऑगस्ट 1883 रोजी फ्रान्समधल्या सोम्यूर या गावी गरिबांच्या धर्मादाय दवाखान्यात झाला. सोम्यूर हे घोडदळाच्या शाळेचं गाव. फ्रान्सच्या सैन्यातले अधिकारी तिथं घोडेस्वारी शिकायला यायचे. बाप आल्बेर फेरीवाला, बाजारोबाजारी कपडे विकत हिंडायचा. आई जान दुसऱ्यांचे कपडे धुवायची. जन्माच्या नोंदीत आडनावही चुकीचं लिहिलं गेलं, एक अक्षर जास्तीचं पडलं.

1895 साली आई ऐन तिशीत वारली. गॅब्रिएल तेव्हा 11 वर्षांची. बापानं पाच पोरांची वाटणी करून टाकली. दोन मुलगे शेतावर राबायला दुसऱ्यांच्या घरी दिले आणि तिन्ही मुली ओबाझीन इथल्या नन बायकांच्या अनाथाश्रमात सोडल्या. बाप पुन्हा फिरकला नाही.

ओबाझीनचा मठ शेकडो वर्षांचा जुना. दगडी भिंती, पांढरा चुना, नन बायकांचे काळे-पांढरे कपडे. तिथं तिच्या हाताला शिवणकाम लागलं. पुढं मोठी झाल्यावर तिनं अनाथाश्रमाचं नाव कधी घेतलं नाही. आत्यांकडं वाढले, असं ती सांगत राहिली आणि वयही कमी सांगायची. गरिबीपेक्षा टाकून दिल्याची लाज माणसाला जास्त काळ पुरते, हे तिच्या आयुष्यात शेवटपर्यंत दिसतं.

शिवणाचं दुकान आणि गाण्याचा नाद

18 वर्षांची झाल्यावर ती मूलँ या गावी आली. तिच्याच वयाची एक आत्या होती, आद्रिएन. दोघी मिळून एका दुकानात कामाला लागल्या. तिथं नवऱ्या मुलींसाठी लग्नाचे कपडे आणि तान्ह्या बाळांची अंगडी-टोपडी मिळायची. सुट्टीच्या वेळी शिंप्याकडं सैनिकांच्या विजारी दुरुस्त करायचं कामही असायचं, कारण मूलँमध्ये घोडदळाची छावणी होती.

तिची दुसरी एक आत्या लुईझ, रेल्वेत काम करणाऱ्या माणसाची बायको. ही आत्या साध्या हॅटला फीत, फूल, झालर लावून नवं रूप द्यायची. गॅब्रिएलनं सुट्टीत तिच्याकडं जाऊन ते बघितलं. हाताला आलेली ही छोटी कला पुढं पोट भरायला उपयोगी पडली.

संध्याकाळी ती छावणीतल्या लोकांच्या गाण्याच्या अड्ड्यावर गायची. कोको नावाच्या हरवलेल्या कुत्र्याचं एक गाणं ती म्हणायची आणि त्यावरून तिला कोको नाव पडलं, असं सांगतात. आवाज काही खास नव्हता. विशी या गावी गायिका व्हायला गेली, तिथं कुणी विचारलं नाही. शेवटी तिथल्या औषधी पाण्याच्या झऱ्यावर येणाऱ्यांना पेल्यातून पाणी द्यायचं काम केलं आणि परत आली.

घोड्यांच्या वाड्यावर

मूलँच्या छावणीत तिची ओळख एतिएन बाल्सां या तरुणाशी झाली. बाल्सां घराण्याची कापडाची गिरणी होती, सैन्याच्या गणवेशाचं कापड तिथं विणलं जायचं. एतिएनला गिरणीत रस नव्हता, त्याला घोड्यांचं वेड. सैन्यातून सुटल्यावर त्यानं पॅरिसच्या उत्तरेला कॉम्पियेनजवळ रोयालियू इथला जुना मठाचा वाडा घेतला आणि तिथं शर्यतीचे घोडे ठेवले. 1906 च्या सुमारास गॅब्रिएल तिथं राहायला गेली. लग्न नव्हतं, मानही नव्हता. घोडेवाल्याच्या वाड्यावर राहणारी पोरगी, एवढीच तिची ओळख.

आपल्याकडं गाय फळवायला चांगला वळू कुठं आहे याची चौकशी होते, तशीच त्या काळी फ्रान्समध्ये घोडीसाठी नर घोड्याची व्हायची. तिथं हे काम सरकारनंच हातात घेतलं होतं. 1665 पासून फ्रान्सच्या राजानं उत्तम नर घोड्यांच्या सरकारी पागा उभ्या केल्या, कारण सैन्याला घोडे लागायचे. कॉम्पियेनलाही अशी सरकारी पागा होती. हिवाळाभर नर घोडे पागेत राहायचे. वसंत ऋतू लागला की मोतद्दार ते घेऊन खेड्यापाड्यांतल्या ठरलेल्या ठिकाणी जायचे. शेतकरी आपली घोडी घेऊन यायचे, ठरलेले पैसे भरायचे आणि 11 महिन्यांनी शिंगरू व्हायचं.

शर्यतीच्या घोड्यांचा व्यवहार मात्र वेगळा आणि महागडा. जगभरातल्या शर्यतीच्या जातिवंत घोड्यांचा बापाकडून वंश काढत गेलं तर तो पूर्वेकडून इंग्लंडात आणलेल्या तीनच नर घोड्यांपर्यंत पोचतो. या जातीत कृत्रिम रेतन चालत नाही, घोडी घोड्याकडंच न्यावी लागते. त्यामुळं शर्यती जिंकलेल्या घोड्याचं खरं उत्पन्न पुष्कळदा शर्यत संपल्यावर सुरू होतं. तो जागेवर उभा राहतो, घोड्या लांबून त्याच्याकडं येतात आणि मालक प्रत्येक घोडीमागं पैसे घेतो. घोडा विकला जात नाही, त्याचं रक्त आणि त्याचं नाव भाड्यानं जातं. मालकी मालकाकडंच राहते. व्यवहारातली ही मेख रोयालियूच्या आसपास हिंडणाऱ्या प्रत्येक माणसाला पाठ होती.

गॅब्रिएल तिथं घोड्यावर बसायला शिकली, आणि चांगली शिकली. त्या काळी बायका घोड्यावर दोन्ही पाय एकाच बाजूला टाकून, लांब झगा सावरत बसायच्या. तिनं शेजारच्या गावातल्या शिंप्याकडून पुरुषांसारखी घोडेस्वारीची विजार शिवून घेतली आणि दोन्हीकडं पाय टाकून बसू लागली. पुरुषी सदरा, साधा कोट आणि डोक्यावर साधी हॅट, हा तिचा वेश झाला.

पिसांच्या टोपल्या आणि साधी हॅट

आता त्या वेळच्या बायकांच्या हॅटबद्दल थोडं सांगायला हवं. 1900 च्या आसपास पॅरिसच्या श्रीमंत बायका डोक्यावर जे घालायच्या, त्याला हॅट म्हणण्यापेक्षा पिसांची टोपली म्हटलेलं बरं. रुंद कड, वर कापडी फुलं, फिती, फळं आणि पक्ष्यांची पिसं. कधी कधी अख्खा पेंढा भरलेला पक्षीच बसवायचे. केसांत गाद्या भरून वर हॅट ठेवायची आणि लांबलचक टाचण्यांनी ती केसांना टोचून धरायची. वारा आला की बाई दोन्ही हातांनी डोकं धरून उभी.

या हौसेपायी जगभर पक्ष्यांची कत्तल चालली होती. बगळ्याच्या विणीच्या काळात पाठीवर येणाऱ्या तलम पिसांना मोठा भाव होता. भारतातूनही पिसं जायची. 1902 मध्ये इंग्रज सरकारनं भारतातून रानपक्ष्यांची पिसं परदेशी पाठवायला बंदी घातली, तरी चोरून व्यापार चालूच राहिला.

हॅट तयार करणं हे कसबाचं काम. लोकरीच्या नमद्याची किंवा गवताच्या काड्यांची कच्ची टोपी वाफेवर मऊ करायची, लाकडी साच्यावर ताणून बसवायची, खळ देऊन वाळवायची. मग कडेला तार, आत अस्तर आणि शेवटी वरची सजावट. मोठ्यांच्या आणि लहान मुलांच्या डोक्यांचे साचे वेगवेगळे. हे सगळं गॅब्रिएल शिकलेली नव्हती. तिनं सोपी वाट काढली. पॅरिसच्या गॅलरी लाफायेत या मोठ्या दुकानातून ती गवताच्या काडीच्या तयार साध्या हॅट विकत आणायची, वरचा सगळा पसारा टाळून एखादी फीत लावायची आणि स्वतः घालायची.

रोयालियूला येणाऱ्या पाहुण्यांत नट्या होत्या, पॅरिसमध्ये नाव असलेल्या बायका होत्या. हॅट हलकी, डोक्यावर घट्ट बसणारी, घोड्यावरही पडत नाही, हे त्यांनी पाहिलं आणि तिच्याकडं मागणी केली. शर्यतीच्या मैदानावर त्या बायका ती हॅट घालून गेल्या की दुसऱ्या बायका चौकशी करायच्या. शर्यत बघायला येणारी गर्दी जितकी घोडे बघायची तितकीच एकमेकींची डोकी बघायची. जाहिरातीचा एक पैसाही न लागता गिऱ्हाईक तयार झालं.

पहिलं दुकान

1909 च्या सुमारास बाल्सांनं पॅरिसमधली आपली तळमजल्यावरची राहती खोली तिला हॅट विकायला दिली. त्याला हा पोरखेळ वाटत होता. काम वाढलं तशी तिनं धाकट्या बहिणीला, आंत्वानेतला, मदतीला घेतलं आणि एका नामांकित दुकानात काम शिकलेली कारागीरही पगारावर ठेवली. आपल्याला जे येत नाही ते येणारं माणूस ठेवण्यात तिनं कमीपणा मानला नाही.

याच काळात तिच्या आयुष्यात दुसरा माणूस आला, आर्थर कॅपल. इंग्रज, कोळशाच्या धंद्यातला, घोड्यावरून पोलो खेळणारा. सगळे त्याला बॉय म्हणत. तो बाल्सांचाच मित्र. त्यानं तिच्या कामाकडं धंदा म्हणून पाहिलं. त्याच्या पैशाच्या आधारावर 1910 मध्ये तिनं पॅरिसच्या रू कांबों या रस्त्यावर 21 नंबरला दुकान थाटलं. परवाना मिळाला तो फक्त हॅटचा, कारण त्या इमारतीत आधीच एक कपडे शिवणारी बाई होती. दोन वर्षांनी, 1912 मध्ये, गॅब्रिएल दोर्झिया या नटीनं नाटकात तिच्या हॅट घातल्या आणि नाव पॅरिसभर झालं.

या दुकानाची एक गोष्ट सांगतात. हातात पैसा खेळू लागला तेव्हा तिला वाटलं, आपण कमावतो आहोत. एक दिवस कॅपलनं समजावून सांगितलं की बँक तिला पैसे देते ते त्याच्या हमीवर, दुकान अजून नफ्यात नाही. ही गोष्ट तिच्या मनाला लागली. दुसऱ्या दिवसापासून तिनं खर्चावर हात आखडला आणि कामाला जुंपून घेतलं. पुढच्या काही वर्षांत तिनं कॅपलची पै न पै परत केली. उधारीला कमाई समजण्याची चूक तिनं एकदाच केली.

शर्यतीचं गाव, लढाईचा काळ

1913 मध्ये तिनं दोव्हील या समुद्रकाठच्या गावी दुसरं दुकान काढलं. दोव्हील म्हणजे पॅरिसच्या श्रीमंतांचं उन्हाळ्याचं ठिकाण आणि फ्रान्समधल्या घोड्यांच्या व्यवहाराचंही. तिथं रेसकोर्स आहे आणि ऑगस्टमध्ये शिंगरांचे लिलाव होतात. हॅटबरोबर तिनं आता विणलेल्या जर्सी कापडाचे सैल कपडेही ठेवले. हे कापड तोवर पुरुषांच्या आतल्या कपड्यांना वापरत. स्वस्त होतं, ताणलं जायचं, अंगाला सुटसुटीत.

1914 ला पहिलं महायुद्ध पेटलं. पुरुष आणि घोडे, दोन्ही सैन्यात गेले. श्रीमंत बायका पॅरिस सोडून दोव्हीलला आल्या. नोकर नाहीत, गाड्या नाहीत, चालावं लागतं, दवाखान्यात सेवा करावी लागते. मोठ्या हॅट आणि घट्ट कपडे कुणालाच झेपेनात. गॅब्रिएलचं दुकान उघडं होतं आणि तिच्याकडं हवा तो माल होता. 1915 मध्ये तिनं बिआरित्झ इथं कपड्यांचं मोठं घर उघडलं. 1916 पर्यंत तिच्याकडं 300 माणसं कामाला होती. 1918 मध्ये रू कांबोंवरची 31 नंबरची इमारत तिनं घेतली.

कॅपलनं लग्न मात्र दुसऱ्याच, घराण्यातल्या इंग्रज मुलीशी केलं. 22 डिसेंबर 1919 ला तो मोटारीच्या अपघातात गेला. गॅब्रिएलनं नंतर पुष्कळ माणसं पाहिली, पण लग्न कधीच केलं नाही.

लाँगशांच्या मैदानावरचा सौदा

1921 साली तिनं अर्नेस्त बो या अत्तर बनवणाऱ्या कसबी माणसाकडून एक अत्तर तयार करून घेतलं. नाव ठेवलं शॅनेल नंबर पाच. चौकोनी साधी बाटली, वर साधी चिठ्ठी. हॅटच्या बाबतीत जे केलं तेच इथंही, पसारा काढून टाकला. सुरुवातीला ते तिच्या दुकानातच मिळायचं आणि हातोहात खपायचं. पण माल थोडा निघायचा आणि मागणी मोठी.

तेव्हा तेओफिल बादेर हा माणूस मध्ये आला. बादेर म्हणजे गॅलरी लाफायेतचा मालक, ज्याच्या दुकानातून ती कधीकाळी साध्या हॅट विकत घ्यायची. त्यानं लाँगशांच्या रेसकोर्सवर तिची गाठ पिअर वर्थायमरशी घालून दिली. पिअर आणि पॉल हे वर्थायमर बंधू प्रसाधनांच्या मोठ्या कारखान्याचे मालक होते. पिअरला शर्यतीच्या घोड्यांचा शौक. एपिनार नावाचा त्याचा घोडा तेव्हा युरोपात गाजत होता.

1924 मध्ये अत्तराची कंपनी निघाली. वर्थायमर बंधूंना शंभरात 70, ओळख करून दिल्याबद्दल बादेरला 20 आणि जिच्या नावावर माल विकायचा त्या गॅब्रिएलला 10. भांडवल नको, कारखान्याची कटकट नको, आपलं कपड्यांचं घर वेगळं आणि सुरक्षित राहावं, एवढाच विचार करून तिनं सही केली असं दिसतं. अत्तर म्हणजे कपड्यांना जोड, असं तिला वाटलं असावं.

त्याच 1924 साली वर्थायमरनं एपिनारला जहाजानं अमेरिकेला नेलं. तिथल्या तीन मोठ्या शर्यतींत तो धावला आणि तिन्हींत दुसरा आला. शर्यती संपल्यावर तो पैदाशीसाठी ठेवला गेला. त्याच्यापासून झालेल्या रोदोस्तो या घोड्यानं 1933 मध्ये इंग्लंडची एक मानाची शर्यत जिंकली. घोड्याचं नाव आणि रक्त कसं राखायचं, कशाला काय भाव लावायचा, हे वर्थायमर पक्कं जाणत होता. समोर बसलेली बाईही घोडेवाल्यांत राहिलेली. मालक घोडा विकत नाही, फक्त त्याचा उपयोग देतो आणि दर वेळी पैसे घेतो, हे तिनं रोयालियूला पाहिलेलं. तरी स्वतःच्या नावाच्या बाबतीत तिनं उलटं केलं. नाव कायमचं दिलं आणि दहावा हिस्सा घेतला.

अत्तर जगभर गेलं. काही वर्षांतच तिला कळलं की आपण काय दिलं. मग सुरू झाली भांडणं, वकील आणि कोर्टकचेऱ्या. ती जवळजवळ पंचवीस वर्षं चालली.

काळी बाजू

1936 मध्ये फ्रान्समध्ये कामगारांचे मोठे संप झाले. तिच्या शिवणाऱ्या बायकांनीही संप केला आणि तिलाच दारातून आत येऊ दिलं नाही. जी स्वतः सुई-दोऱ्यावर वाढली तिनं या बायकांची बाजू समजून घेतली नाही. शेवटी नाइलाजानं काही मागण्या मान्य केल्या. 1939 ला दुसरं महायुद्ध सुरू होताच तिनं कपड्यांचं घर बंद केलं आणि हजारो हात रिकामे झाले. संपाचा राग तिनं असा काढला, असं पुष्कळांनी तेव्हा मानलं.

त्याहून वाईट पुढं घडलं. 1940 मध्ये जर्मनांनी पॅरिस घेतलं. ती जर्मनांच्या ताब्यातल्या रिट्झ हॉटेलात राहिली आणि एका जर्मन अधिकाऱ्याशी तिचे संबंध होते. जर्मन गुप्तहेर खात्याच्या कागदपत्रांत तिचं नाव नंतर सापडलं. वर्थायमर बंधू ज्यू होते, ते जीव वाचवून अमेरिकेला गेले होते. ज्यूंची मालमत्ता काढून घेणाऱ्या कायद्यांचा आधार घेऊन 1941 मध्ये तिनं अर्ज केला की अत्तराची कंपनी आता मला मिळावी. पण वर्थायमर हुशार. त्यांनी जाण्याआधीच कंपनी विश्वासातल्या एका ज्यू नसलेल्या उद्योजकाच्या नावावर करून ठेवली होती. तिचा डाव फसला.

ज्या रोयालियूला ती घोड्यावर बसायला शिकली, तिथल्या लष्करी बराकींत या काळात जर्मनांनी कैद्यांची छावणी उघडली होती. फ्रान्समधून ज्यूंना आउशवित्झच्या मृत्युछावणीकडं नेणारी पहिली रेल्वेगाडी 27 मार्च 1942 ला निघाली, त्यातले बरेच लोक या छावणीतून भरलेले होते. सौद्यात फसल्याचा राग खरा होता. पण तो काढायला तिनं जो रस्ता धरला, त्याला माफी नाही. आपल्यावर अन्याय झाला म्हणून दुसऱ्याच्या मरणाचा फायदा घेता येत नाही.

1944 मध्ये पॅरिस मोकळं झाल्यावर तिला चौकशीला नेलं आणि थोड्या वेळात सोडलं. ती स्वित्झर्लंडला गेली आणि बरीच वर्षं तिथं राहिली.

पुन्हा सौदा, पुन्हा काम

युद्धानंतर कंपनी वर्थायमर बंधूंकडं परत आली. तिनं स्वित्झर्लंडमध्ये स्वतःच वेगळी अत्तरं करायला घेतली. आपलं नाव बाजारात दोन ठिकाणी दिसू लागलं तर नुकसान कंपनीचं, हे तिला आता कळलं होतं. वर्थायमरलाही ते कळत होतं. 1947 मध्ये नवा करार झाला. जगभरात जेवढं अत्तर विकलं जाईल त्या विक्रीवर तिला दोन टक्के. नफ्यातला दहावा वाटा आणि सगळ्या विक्रीवरचे दोन टक्के यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. नफा कागदावर कमी दाखवता येतो, विक्री लपवणं अवघड. ती एकदम जगातल्या श्रीमंत बायकांत गेली.

पैसा असून तिला बसवेना. 5 फेब्रुवारी 1954 ला, वयाच्या सत्तराव्या वर्षी, तिनं रू कांबोंवर कपड्यांचं घर पुन्हा उघडलं. पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी खिल्ली उडवली, जुनी बाई जुनेच कपडे घेऊन आली म्हणाले. अमेरिकेत मात्र तेच कपडे उचलले गेले. या वेळी पैसा कुणाचा? त्याच पिअर वर्थायमरचा. भांडणारे दोघे म्हातारे पुन्हा एकत्र आले. त्याच वर्षी वर्थायमरनं कपड्यांचं घरही विकत घेतलं आणि तिचा राहण्या-जेवणाचा सगळा खर्च आयुष्यभर उचलायचं कबूल केलं. म्हणजे नाव आता पुरतं त्याच्याकडं गेलं. 1956 मध्ये त्याच्या लावांदिन या घोड्यानं इंग्लंडची डर्बी जिंकली.

पिअर 1965 मध्ये वारला. गॅब्रिएल 10 जानेवारी 1971 रोजी, रविवारी, रिट्झ हॉटेलातल्या आपल्या खोलीत गेली. वय 87. आदल्या दिवसापर्यंत ती कामात होती. मूलबाळ नव्हतं. आज शॅनेल कंपनी वर्थायमर घराण्याच्या नातवांकडं आहे आणि शर्यतीचे घोडेही त्या घराण्यात अजून आहेत.

शेवटी उरतं ते

तिच्या हाताला कसब होतं आणि नजर होती. पिसांच्या टोपल्या डोक्यावर वागवणाऱ्या बायकांना तिनं साधी हॅट दिली आणि त्यांचे दोन्ही हात मोकळे केले. उधारीचा हिशोब ती एका धड्यात शिकली. नाव आणि मालकी यांतला फरक कळायला मात्र तिला पंचवीस वर्षं लागली आणि तेवढ्या काळात तिच्यातला चांगुलपणाही बराच झिजला.

बियाणं असो, दूध असो, गावाच्या नावावर खपणारा एखादा माल असो, कंपनीचा माणूस कागद घेऊन दारात येतो तेव्हा घाई असते आणि दहा टक्केही पुष्कळ वाटतात. सही करण्याआधी एवढंच वाचायचं असतं की नाव कुणाचं आणि किती काळासाठी चाललं, वाटा नफ्यावर आहे की विक्रीवर, आणि उद्या सोडायचं म्हटलं तर आपल्या हातात काय उरतं. चांगल्या घोड्याचा मालक घोडा दावणीलाच ठेवतो.